मोठ्यांचं कार्टून कोण ठरवतं?

शिनचॅन माहीत नाही असं शाळकरी पोर आपल्याकडे सापडणं कठीण. २००६ साली तो हंगामा टीव्हीवर आला आणि हिंदीत बोलत बोलत घराघरांत शिरला. पाठोपाठ पालकांची ओरड सुरू झाली. हा पोरगा आईला नावं ठेवतो, चड्डी खाली करून नाचतो, दिसेल त्या तरुणीच्या मागे लागतो, हे काय मुलांना दाखवायचं?

ओरड रास्त होती, पण शिनचॅन मुळात मुलांसाठी काढलेलाच नव्हता. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये तो ज्या 'मांगा ॲक्शन' साप्ताहिकात सुरू केला, ते मोठ्या पुरुषांचं साप्ताहिक. १९९२ पासून जपानच्या टीव्ही असाही वाहिनीवर त्याची मालिका लागू लागली, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या वेळेला. तिथल्या पालक-शिक्षक संघाच्या पाहणीत 'मुलांनी बघू नये असं वाटणारे कार्यक्रम' या यादीत ती वर्षानुवर्षं झळकत राहिली आणि तरीही चालत राहिली. आणि आपल्याकडे तो लहानांच्या वाहिनीवर आला त्याच २००६ मध्ये अमेरिकेत तो 'ॲडल्ट स्विम' या मोठ्यांसाठीच्या वाहिनीवर रात्री उशिरा दिसू लागला. फ्युनिमेशन कंपनीने तिथे संवादच नव्याने लिहिले, त्यात राजकारणावरचे टोमणे आणि चावट विनोद घातले.

चित्रं तीच, पोरगा तोच. बदलली ती वाहिनी, घड्याळातली वेळ आणि पैसे मोजणारा माणूस. जपान आणि अमेरिकेतलं मोठ्यांचं ॲनिमेशन एकमेकांपासून इतकं वेगळं का झालं, हे समजून घ्यायचं तर 'जपानी संस्कृतीच वेगळी' वगैरे नेहमीची उत्तरं जरा बाजूला ठेवून पैशाचा माग काढावा लागतो.

त्याआधी एक खुलासा. 'मोठ्यांचं ॲनिमेशन' म्हटलं की अनेकांना थेट अश्लील फितीच आठवतात. जपानमध्ये तो धंदा आहे. अश्लील साहित्य विकणं तिथल्या दंडसंहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा असल्याने ठरावीक भाग धूसर करून तो चालतो. इथे त्याच्याबद्दल बोलायचं नाही. कर्ज, घटस्फोट, दारू, युद्ध, नोकरीचा वैताग, मरण या गोष्टींबद्दल जे ॲनिमेशन मोठ्या माणसाशी मोठ्या माणसासारखं बोलतं, हसवून किंवा रडवून, ते आपल्याला बघायचं आहे.

सिगारेट ओढणारा फ्रेड

अमेरिकन कार्टूनं सुरुवातीला थिएटरात दाखवली जायची, मुख्य सिनेमाच्या आधी. प्रेक्षकांत सगळ्या वयाचे लोक. १९३० मध्ये फ्लायशर स्टुडिओने आणलेली बेटी बूप आखूड झगा घालून जॅझच्या तालावर नाचायची, आणि तिचे चाहते काही शाळकरी नव्हते. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक लागू झाली आणि बेटीचा झगा लांब झाला, तिची गाणी सोज्वळ झाली. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना थिएटरवाल्यांच्या गळ्यात एका सिनेमासोबत दहा गोष्टी मारता येईनात. त्याचा फटका छोट्या कार्टूनांना बसला. पाठोपाठ घरोघरी टीव्हीही आला.

टीव्हीवर मात्र पहिला डाव मोठ्यांचाच होता. हॅना-बार्बेरा कंपनीची 'द फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्ये एबीसी वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत सुरू झाली. कामावरून घरी येणारा नवरा फ्रेड, वैतागलेली बायको, शेजारचं बार्नीचं जोडपं. अश्मयुग फक्त नेपथ्याला. प्रायोजक होती विन्स्टन सिगारेट. त्या काळची एक जाहिरात आजही बघायला मिळते: बायका घरकामात राबताहेत, आणि त्यांना राबताना बघवत नाही म्हणून फ्रेड आणि बार्नी घरामागे जाऊन निवांत सिगारेट शिलगावतात. लहानपणी ज्यांनी फ्लिंटस्टोन्स बघितलं, त्यांनी ती जाहिरात एकदा शोधून बघाच.

पण हा डाव टिकला नाही. वाहिन्यांना शनिवारची सकाळ सापडली. आईबाप झोपलेले, मुलं टीव्हीसमोर आणि जाहिराती न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्स अन् खेळण्यांच्या. कमी चित्रांत, कमी खर्चात भाग काढायचे आणि तेच तेच पुन्हा दाखवायचे. १९६८ मध्ये बोस्टनच्या बाजूला पालकांची 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना उभी राहिली, हिंसेवर आणि जाहिरातींवर बोट ठेवू लागली, आणि कार्टूनं आणखी मऊ झाली. अमेरिकन माणसाच्या मनात 'कार्टून म्हणजे मुलांचं' हे समीकरण पक्कं बसलं ते या वीसेक वर्षांत.

मधे राल्फ बाक्शी नावाच्या माणसाने ते मोडायचा प्रयत्न केला. १९७२ चा त्याचा 'फ्रिट्झ द कॅट' हा एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला पहिला ॲनिमेटेड चित्रपट. थोडक्या पैशांत बनला, भरपूर चालला. मागोमाग रांग लागेल असं वाटलं होतं, ती काही लागली नाही.

दोन वाटा फुटल्या त्या कागदावर

खरी फाटाफूट पडद्यावर झालीच नाही, ती झाली कॉमिक्समध्ये.

१९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी मोठी हाकाटी झाली. सिनेटपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी सरकारी कायदा टाळण्यासाठी स्वतःवरच बंधनं घालून घेतली, ती 'कॉमिक्स कोड' या नावाने. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' शब्द नको. रक्तपिपासू पिशाच्चं नकोत, चालती प्रेतं नकोत. चांगल्याने वाईटावर मात केलीच पाहिजे. पोलीस, न्यायाधीश यांची टर उडवायची नाही. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर अंक विकायला ठेवायला विक्रेते तयार नसत. म्हणजे वाचक मोठा झाला की त्याच्यासाठी दुकानात काही उरतच नव्हतं.

जपानमध्ये त्याच काळात नेमकं उलट घडत होतं. युद्धानंतरच्या गरिबीत मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणून वाचायची पद्धत होती. शहरात कामाला आलेली तरुण पोरं हे वाचनालयांचं मोठं गिऱ्हाईक. त्यांना गोंडस प्राणी नको होते, गुन्हेगारी, बेकारी, एकटेपण यांच्या गोष्टी हव्या होत्या. १९५७ मध्ये योशिहिरो तात्सुमी यांनी अशा चित्रकथांना 'गेकिगा' हे वेगळं नाव दिलं. ही पिढी वाढत गेली, कमावती झाली, आणि प्रकाशक तिच्यामागून गेले: १९६४ मध्ये 'गारो', १९६७ मध्ये 'मांगा ॲक्शन', १९६८ मध्ये 'बिग कॉमिक'. वाचक मोठा झाला म्हणून त्याला दुकानाबाहेर काढण्याऐवजी त्याच्यासाठी नवं फळकूट लावलं. पुढे मुलगे, मुली, तरुण पुरुष, तरुण स्त्रिया असे वाचकांचे चार ठळक गट पडले.

इथे एक गंमत लक्षात ठेवायची. हे गट मासिकाच्या गिऱ्हाइकाचे असतात, मजकुराच्या तीव्रतेचे नसतात. 'डेथ नोट' ही माणसं मारण्याच्या वहीची गोष्ट मुलग्यांच्या 'शोनेन जम्प'मध्ये आली, आणि २००६ मध्ये तिची मालिका निघाली तेव्हा ती मध्यरात्रीनंतर लागायची. त्यामुळे 'अमुक शोनेन (मुलग्यांसाठीचं) आहे, म्हणजे मुलांना चालेल' हा हिशोब करू नका, फसाल.

ॲनिमेशनला या तयार गोष्टींचा आणि तयार वाचकांचा साठा आयता मिळाला. ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान ॲटम' १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर सुरू झाली. वाहिनीला ती तेझुकांनी स्वस्तात विकली आणि तूट खेळणी-मिठायांवरच्या चित्रांच्या हक्कांतून भरून काढली. जपानी ॲनिमेशन कमी चित्रांत भागवायला शिकलं ते तेव्हाच, आणि स्टुडिओ कायम ओढगस्तीत राहायची सवयही तेव्हाचीच. याच तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने १९६९ पासून मोठ्यांसाठी तीन चित्रपट काढले. तिसरा, 'बेलाडोना', १९७३ मध्ये आला, दिसायला विलक्षण सुंदर. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं.

कॅसेट घेणारा गिऱ्हाईक

१९८० च्या दशकात जपानी घरांत व्हीसीआर पोहोचले आणि चित्र पालटलं. डिसेंबर १९८३ मध्ये मामोरु ओशी यांची 'डॅलोस' टीव्हीवर न दाखवता थेट कॅसेटवर विकायला आली. अशा मालिकांना ओव्हीए म्हणतात. वाहिनी नाही, म्हणजे प्रायोजकाची नाराजी नाही. एकेक कॅसेट हजारो येनची, पण हौशी चाहते ती घ्यायचे, आणि काही हजार प्रती खपल्या की गणित जुळायचं. लाखो लोकांना बरं वाटेल असं काढण्यापेक्षा थोड्या लोकांना वेड लागेल असं काढणं फायद्याचं ठरू लागलं. यातून भयपट आले, यंत्रमानवांच्या अस्वस्थ कथा आल्या आणि भरपूर कचराही आला. त्या काळचं सगळंच थोर होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यातल्या निम्म्या कॅसेट बघितलेल्या नसतात.

१९८८ हे साल मात्र खरंच वेगळं. १६ एप्रिलला स्टुडिओ घिबलीचे दोन चित्रपट एकाच तिकिटात लागले. एक 'माय नेबर तोतोरो', जंगलातल्या केसाळ, प्रेमळ प्राण्याचा. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', बॉम्बहल्ल्यानंतर कोबे परिसरात उपाशी मरणाऱ्या भावाबहिणीचा. तोतोरोवर एकट्यावर पैसे लावायला कुणी धजेना, म्हणून शिन्चोशा या प्रकाशनाने दुसऱ्या चित्रपटाचा खर्च उचलला आणि जोडी जमवली. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांचं काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी. लगेच जुलैत कात्सुहिरो ओतोमो यांचा 'अकिरा' आला. कोदान्शा, तोहो, बंदाई अशा कंपन्यांनी मिळून पैसा घातला. सुमारे १ लाख ६० हजार चित्रं काढली, आणि जपानी रिवाजाच्या उलट आवाज आधी ध्वनिमुद्रित करून ओठांची हालचाल त्याबरहुकूम रेखाटली. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटवरून फिरलेल्या या चित्रपटाने तिथल्या तरुणांना पहिल्यांदा कळलं की कार्टूनमध्ये हेही होऊ शकतं.

मग १९९५ मध्ये 'इव्हँगेलियन'. टीव्ही तोक्योवर संध्याकाळी साडेसहाला लागणारी ही मालिका शेवटाकडे एका चौदा वर्षांच्या मुलाच्या नैराश्यात इतकी खोल शिरली की बघणारे चक्रावले. १९९७ मध्ये तिचं पुनःप्रसारण मध्यरात्री केलं तर तिथेही प्रेक्षक मिळाले. वाहिन्यांना रिकाम्या वेळेचं सोनं सापडलं.

आज जे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, आपण बघतो त्यातलं बरंचसं ज्या पद्धतीने चालतं ती इथे रुळली, म्हणून जरा थांबून बघू. एक 'निर्मिती समिती' बनते: प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले, जाहिरात संस्था, कधी वाहिनी. प्रत्येकाचा थोडा पैसा, प्रत्येकाचा थोडा धोका. बारा-तेरा भागांचा, म्हणजे तीन महिन्यांचा संच काढायचा. मध्यरात्रीनंतरची वेळ समितीच वाहिनीकडून विकत घेते. ओटीटी येईपर्यंत प्रसारण म्हणजे एका अर्थी जाहिरात असायची, खरा माल विकायचा तो डीव्हीडी आणि ब्लू-रे. एका डिस्कवर दोन भाग, किंमत सहा-सात हजार येन. त्यामुळे एक चमत्कारिक प्रकार दिसतो: टीव्हीवर आंघोळीच्या दृश्यात नेमक्या जागी वाफेचे लोट किंवा पांढऱ्या प्रकाशाचा झोत येतो, आणि डिस्क विकत घेतली की वाफ विरते, झोत विझतो.

गोष्ट सलग सांगता येते, तेराव्या भागात नायक मारता येतो, कारण चाहता पहिल्यापासून क्रमाने बघणार आणि अख्खा संच घेणार हे ठाऊक असतं. यात भरडला जातो तो स्टुडिओ. त्याला ठरलेली रक्कम मिळते, नफ्यात वाटा बहुधा नाही. तिथल्या ॲनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मधली चित्रं भरणाऱ्या कलाकारांची सरासरी वार्षिक कमाई ११ लाख येनच्या आसपास निघाली. टोकियोत घरभाडं दिल्यावर त्यातलं फारसं हातात राहत नाही.

बार्ट दहा वर्षांचाच का?

अमेरिकेत मोठ्यांचं ॲनिमेशन परतलं ते विनोदाच्या दारातून. फॉक्स ही तेव्हा नवी, चौथी वाहिनी. तिन्ही बड्या वाहिन्यांपुढे टिकायचं तर काहीतरी वेगळं हवं होतं. १७ डिसेंबर १९८९ ला 'द सिम्पसन्स' सुरू झालं. दारू पिणारा आळशी बाप, हुशार पण एकटी मुलगी, अणुभट्टीचा खडूस मालक. अमेरिकन कुटुंबाची इतकी खरी टिंगल माणसं घेऊन केलेल्या मालिकांतही क्वचितच व्हायची.

या घरातला मुलगा बार्ट सिम्पसन तीस वर्षांहून जास्त काळ दहा वर्षांचाच आहे, यामागेही पैसाच आहे. अमेरिकेत मालिका खरी कमावते ती शंभरेक भाग झाल्यावर, पुनःप्रसारणासाठी गावोगावच्या वाहिन्यांना विकली की. ते भाग रोज, कसेही, कुठल्याही क्रमाने लागतात. तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे आलं पाहिजे. कुणी मेलं, कुणी मोठं झालं, कुणी बदललं तर विक्रीला अडचण. तीन महिन्यांत संपणारी जपानी शोकांतिका या बाजारात विकणार कुठे? जाहिरातदारालाही हसरा प्रेक्षक बरा वाटतो.

त्या चौकटीत राहून १९९७ मध्ये 'साउथ पार्क'ने धमाल केली. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी पहिला भाग कागद कापून, सरकवून चित्रित केला. पुढे संगणकावर तोच ओबडधोबडपणा जपला. केबलवरची वाहिनी, त्याच वर्षी आलेल्या नव्या वर्गीकरणात सर्वांत वरचा, फक्त प्रौढांसाठीचा शिक्का, त्यामुळे शिव्यांनाही वाव. एक भाग ते सहा दिवसांत उभा करतात. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी दाखवायचा भाग त्यांनी हिलरी क्लिंटन जिंकणार असं धरून बेतला होता. निकाल उलटा लागला, आणि रातोरात कथा फिरवून भाग ठरल्या वेळी दाखवला. सुंदर चित्रं काढणाऱ्या कुठल्याही स्टुडिओला हे जमलं नसतं.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते २ सप्टेंबर २००१ च्या रात्री. कार्टून नेटवर्कने रात्रीची वेळ 'ॲडल्ट स्विम' या नावाने मोठ्यांना दिली, आणि पहिल्याच रात्री 'काउबॉय बीबॉप' हे जपानी ॲनिमे दाखवलं. या मालिकेची जपानमधली कथा ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात शाळकरी मुलाने चाकू चालवल्याची घटना गाजली. टीव्ही तोक्यो धास्तावली. एप्रिल १९९८ मध्ये संध्याकाळच्या वेळेत बीबॉपच्या सव्वीस भागांपैकी तिने बाराच दाखवले आणि तुकडे जोडून एक खास भाग करून विषय संपवला. काही महिन्यांनी वाउवाउ या पैसे भरून बघायच्या वाहिनीने सगळेच्या सगळे दाखवले. आणि अमेरिकेत? ॲडल्ट स्विम सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि जुळे मनोरे पडले. इमारती उडवणाऱ्या माथेफिरूचा भाग आणि आणखी काही भाग तिथेही मागे ठेवावे लागले.

याच वाहिनीने अमेरिकनांना आणखी एक धडा दिला. फॉक्सने २००२ मध्ये बंद केलेलं 'फॅमिली गाय' ॲडल्ट स्विमच्या पुनःप्रसारणात आणि डीव्हीडीच्या विक्रीत एवढं चाललं की २००५ मध्ये ते परत सुरू करावं लागलं. प्रेक्षक स्वतः खिशात हात घालतो म्हटल्यावर अमेरिकेतही हिशोब बदलतो.

ओटीटीने तो पुरताच बदलला. वर्गणी भरलेली आहे, प्रेक्षक क्रमानेच बघणार, भाग सुटे विकायचे नाहीत. २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'बोजॅक हॉर्समन'मध्ये घोड्याच्या तोंडाचा दारुडा नट लोकांना दुखावतो आणि त्याचे परिणाम पुढच्या भागात पुसले जात नाहीत, सहा सीझन साठत जातात. सिम्पसन्सच्या काळात हे विकलं गेलं नसतं. जपानी बाजूचं उदाहरण 'डेव्हिलमॅन'चं. गो नागाई यांची ही मूळ कथा भयंकर, पण १९७२ च्या टीव्ही मालिकेत तिचा जवळपास सुपरहिरो झाला. तीच कथा मासाआकी युआसा यांनी २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर शेवटच्या विध्वंसासकट दाखवली. आणि २०२३ ची 'ब्लू आय सामुराई' तर जपानच्या एडो काळातली, अमेरिकन लेखकांची आणि फ्रेंच स्टुडिओने रेखाटलेली.

जपानी ॲनिमेशन उद्योगाच्या संघटनेने २०२३ ची उलाढाल सुमारे ३.३४ लाख कोटी येन सांगितली, त्यातली १.७२ लाख कोटी देशाबाहेरची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा आता परदेशी प्रेक्षकाचा. टोकियोतला डिस्क घेणारा चाहता एकटा ठरवत होता ते दिवस गेले. हॉलिवूडच्या मनातली जुनी अढी मात्र अजून आहे. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात ॲनिमेशनचा पुरस्कार देताना, मुलं हे पुन्हा पुन्हा बघतात आणि आईबाप सोसतात, अशा अर्थाचा विनोद झाला. ॲनिमेशनवाले चांगलेच संतापले.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का लागतो: यू, मग ७, १३ आणि १६ वर्षांचे यू/ए, आणि ए. मुलांच्या हातात रिमोट देण्याआधी गोल डोळे, रंगीत केस न बघता कोपऱ्यातला तो शिक्का बघा. आणि स्वतःसाठी सुरुवात करायची असेल तर सातोशी कोन यांचा १९९७ चा 'परफेक्ट ब्लू' घ्या. दीड तासाच्या आत संपतो. त्यातलं बघण्यासारखं ते हे, की नायिका जागी आहे की स्वप्नात, हे नुसत्या एका कटने कसं चकवलंय. साउथ पार्क कुठूनही सुरू केलं तरी चालतं. बोजॅक मात्र पहिल्यापासूनच बघा, आणि सुरुवातीचे पाच-सहा भाग रटाळ वाटले तर सोडू नका. सातव्या-आठव्या भागापासून त्याला सूर सापडतो.